हलणारी ऊब

आमच्या विद्यापीठाने हवामान-तटस्थ व्हायचं ठरवलं त्या दिवशी मला वाटलं होतं की याच्याशी माझा काही संबंध नाही. ठरावीक सालापर्यंत विद्यापीठाचं कार्बन-उत्सर्जन शून्यावर आणायचा संकल्प कुलगुरूंनी सभागृहात वाचून दाखवला, टाळ्या झाल्या, बाहेर चहा होता. मी इमारत विभागात बसून गळके नळ, तुटलेल्या कड्या आणि बंद पडलेल्या लिफ्ट यांच्या तक्रारी लिहून घेणारी बाई. पृथ्वीचं तापमान आणि मी यांच्यामध्ये बरीच वरिष्ठ मंडळी आहेत, अशी माझी समजूत होती. पुढच्याच आठवड्यात माझी बदली नव्या हवामान कक्षात झाली. कारण विचारलं तर म्हणाले, "तुम्हाला सगळ्या खोल्या पाठ आहेत."

हा कक्ष तळघरात आहे. खिडकी नाही, त्यामुळे दिवे दिवसभर चालू. विजेची बचत कशी करायची हे आम्ही त्या दिव्यांखाली बसून ठरवतो. सुरुवातीला यावर सगळे हसायचे, मग हसायचाही कंटाळा आला.

कक्षाचा प्रमुख माझ्यापेक्षा वयाने पुष्कळ लहान आहे. हुशार, कष्टाळू, आणि उद्धट अजिबात नाही. फक्त त्याला कुठलीही गोष्ट आलेख दाखवल्याशिवाय बोलता येत नाही. 'जेवलात का' असं विचारलं तरी हा पडद्यावर काहीतरी उघडेल अशी धास्ती वाटते. आम्ही त्याला पाठीमागे आलेखराव म्हणतो, आणि मला वाटतं त्याला ते माहीत आहे. संकल्पाचं साल जवळ येत चाललंय आणि आलेखातली ऊर्जेच्या वापराची रेघ खाली यायला तयार नाही, हे सगळं ओझं त्या बिचाऱ्याच्या मानेवर. सकाळी तो येतो तेव्हाच संध्याकाळी घरी निघाल्यासारखा दिसतो.

आता वरच्या मजल्याबद्दल सांगते. आमच्याकडे निवृत्त झालेल्या प्राध्यापकाने खोली सोडायची नसते. तसा नियम कुठे नाही, पण रीत आहे. वर्ग सुटतात, पगार थांबतो, खोली राहते. फक्त ती जुन्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर जाते. त्या मजल्याला विद्यार्थी काय नाव ठेवतात ते इथे सांगत नाही. तिथली मंडळी सकाळी डबा घेऊन येतात, आपापल्या दाराआड बसतात आणि संध्याकाळी घरी जातात. छत उंच, खिडक्या जुनाट, फटींतून बोट जाईल. हिवाळ्यात तो मजला गरम ठेवायचा म्हणजे निम्मी ऊब गच्चीवरच्या पाखरांना.

त्याच मजल्यावर माझे सासरे बसतात.

बाबा इतिहासाचे प्राध्यापक होते. निवृत्तीनंतर त्यांनी एकच काम हातात घेतलंय. एका जुन्या हस्तलिखिताच्या दोन प्रती आहेत, त्या ओळीने ओळ ताडून बघायच्या. डाव्या हाताचं बोट एका प्रतीवर, उजव्या हाताचं दुसरीवर, आणि डोळे इकडून तिकडे. फरक सापडला तर पेन्सिलीने बारीकशी खूण. बरेचदा फरक सापडत नाही, आणि तेवढा वेळ बाबा हलत नाहीत. पाणी प्यायलाही नाही. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "यांच्या डोक्यावर चिमणी घरटं करील आणि यांना कळायचं नाही."

सासूबाई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले. घर लहान. बाहेरच्या खोलीत माझी मुलगी अभ्यास करते, तिथेच बाबांचा पलंग. आपली दुसऱ्याला अडचण नको म्हणून आजोबा आणि नात एकमेकांशी इतकं जपून वागतात की बघणाऱ्यालाच दमायला होतं. आणि घरी असले की बाबा म्हातारे होतात. चष्मा सापडत नाही, चहा बशीत सांडतो, विचारलेलं दोनदा विचारतात. सकाळी पिशवी खांद्याला अडकवून दाराबाहेर पडले की पाठ सरळ होते. त्या खोलीने बाबांना धरून ठेवलं होतं. हे मला ठाऊक होतं, नवऱ्याला ठाऊक होतं, आणि आम्ही त्यावर कधी बोलत नव्हतो.

ऊब वाचवायला हिवाळ्यात कुठल्या खोल्या बंद ठेवायच्या हे भांडून ठरवण्यापेक्षा मोजून ठरवू, असं आलेखरावाने सुचवलं. सगळ्यांना ते पटलं, मलाही पटलं. प्रत्येक खोलीत भिंतीवर उंच एक पांढरी डबी बसवली. खोलीत माणूस हलला की डबी ते टिपते आणि दिवा चालू ठेवते. बराच वेळ काही हललं नाही की दिवा विझवते आणि आमच्या पडद्यावर त्या खोलीसमोर शून्य टाकते. ज्या खोलीसमोर शून्यच शून्य, ती बंद. हिशेब सरळ होता.

पहिल्याच आठवड्यात बाबांच्या खोलीसमोर शून्य आलं.

मी धापा टाकत जिने चढून वर गेले. दार ढकललं तर आत दिवा नाही, आणि खिडकीच्या मळकट उजेडात बाबा दोन्ही बोटं दोन प्रतींवर ठेवून बसलेले.

"बाबा, दिवा गेलाय."

"हो का? मला वाटलं, ढग आलेत."

मी आत पाऊल टाकलं आणि दिवा लागला. बाबांनी वर बघितलं. "तुझा पायगुण," म्हणाले.

मी स्टूल ओढून बसले आणि डबीचं सगळं प्रकरण समजावून सांगितलं. बाबांनी नीट ऐकून घेतलं, विद्यार्थ्याचं ऐकावं तसं.

"म्हणून म्हणते, अधूनमधून नुसता हात हलवत जा. एवढंच करा."

"कोणाला?"

"त्या डबीला."

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अगं, आयुष्यभर मान खाली घालून वाचलं. आता या वयात भिंतीवरच्या डबीला हात दाखवू? मी आहे हो, मी आहे, म्हणून?"

"खोली जाईल, बाबा."

"जाईल तर जाईल. कुलगुरूंनी संकल्प वाचला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. पृथ्वी तापतेय म्हणून प्रत्येकाने थोडी थोडी थंडी सोसायची, असंच ना ते? मग माझी तेवढी खोली वगळा, असं कुठल्या तोंडाने सांगू?"

अशा माणसाशी वाद घालायचा तर अंगात जोर लागतो. माझा जोर त्या दिवशी डबे भरण्यात आणि बसच्या रांगेत संपला होता. मी "बरं" म्हणाले आणि खाली आले.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तूच समजाव ना. बाबा तुझं ऐकतात." हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आले आहे. बाबा माझं ऐकतात हा शोध या घराला नेमका अवघड काही सांगायचं असलं की लागतो.

वरच्या मजल्यावर डबीची बातमी पसरायला वेळ लागला नाही. बाकीची मंडळी बाबांइतकी सोवळी नव्हती. बाबांच्या समोरच्या खोलीत गणिताचे सर बसायचे, तेही निवृत्त. त्यांनी डबीचा रीतसर अभ्यास केला. उठून बघितलं, बसून बघितलं, डोक्यावर पुस्तक धरून खोलीत फेऱ्या मारून बघितल्या, आणि मग सिद्धांत मांडला. तो त्यांनी मला जिन्यातच ऐकवला. मी कुठल्या कक्षात काम करते हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

"या डबीला माणूस कळत नाही," ते म्हणाले. "तिला कळते फक्त हलणारी ऊब. मग त्यासाठी मी कशाला हवा? हलणारी ऊब दुकानात मिळते."

आणि मिळालीच. मान इकडून तिकडे फिरवणारा छोटासा हीटर. सरांनी तो टेबलावर डबीकडे तोंड करून ठेवला. दिवसभर तो मान हलवायचा, डबी त्याला माणूस समजायची आणि सर खुर्चीत खुशाल डुलकी काढायचे. हळूहळू मजल्यावरच्या जवळपास प्रत्येक खोलीत तसाच हीटर आला. कोणी जेवायला गेलेलं, कोणी डॉक्टरकडे, कोणी सर्दीने घरीच झोपलेलं, पण पडद्यावर बघावं तर मजला गजबजलेला.

आलेखराव थक्क झाला. "मॅडम, हे निवृत्त लोक नोकरीतल्या लोकांपेक्षा जास्त वेळ खोलीत असतात. तो मजला कसा बंद करणार?" मग जरा चाचरला. "फक्त एकच खोली पूर्ण रिकामी दिसते."

ती कोणाची हे त्याने विचारलं नाही. दारावरची पाटी त्याने वाचली असणार, आणि माझं आडनाव तेच आहे.

"ती रिकामी नाही," मी म्हणाले. "ते आत बसलेले असतात. ते हलत नाहीत."

"दिवसभर?"

"दिवसभर."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याचा माझ्यावर विश्वास बसला होता, आणि तेच जास्त अवघड होतं. "मग मी काय लिहू, मॅडम? सुनेच्या सांगण्यावरून खोली भरलेली आहे, असं?"

हीटरचं सगळं जिभेवर आलं होतं. सांगावं तर सगळ्यांच्या खोल्या जाणार, न सांगावं तर एकट्या बाबांची जाणार, आणि तीही ते एकटेच खरे वागले म्हणून. मी ते तसंच ठेवलं आणि समोरची फाइल उघडली. घरी गेले आणि पाण्याची बाटली धुतली नाही म्हणून मुलीवर असं काही ओरडले की ती रडायला लागली.

सांगायची वेळ आलीच नाही. महिनाअखेरीस विजेचा आकडा आला. ऊब वाचवायची मोहीम सुरू झाल्यापासून वरच्या मजल्याची वीज एवढी वाढली होती की आलेखरावाला आधी मीटर बिघडलाय असं वाटलं. तो स्वतः वर गेला. गणिताच्या सरांचं दार उघडलं तर सर नव्हते. टेबलावरचा हीटर मान वळवून त्याच्याकडे बघत होता.

खाली आला तो खुर्चीत नुसता बसून राहिला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. "मी रोज घरी पोचतो तेव्हा माझी मुलगी झोपलेली असते, मॅडम," एवढंच म्हणाला. मला त्याची दया आली. आणि मग असं मनात आलं की हल्ली दया करायलाही त्राण उरत नाही.

थंडी संपेपर्यंत अख्खा मजला बंद ठेवायचं ठरलं. गणिताच्या सरांनी बरंच आकाशपाताळ एक केलं आणि शेवटी दुसऱ्या गावी मुलाकडे निघून गेले. बाकीच्यांनी कुरकुरत सामान आवरलं. बाबांचं सामान फार नव्हतंच. दोन प्रतींच्या छायाप्रती पिशवीत मावल्या, पुस्तकं खोक्यांत भरून आमच्या पलंगाखाली गेली. खोलीची किल्ली बाबांनी माझ्याच हातात ठेवली. मला वाटलं, काहीतरी बोलतील. मी तयारीत होते.

"खिडकीची कडी सैल आहे," बाबा म्हणाले. "तक्रार लिहून ठेव."

निवृत्त मंडळींसाठी ग्रंथालयाच्या तळमजल्यावर एक दालन केलं होतं. सगळ्यांसाठी सामायिक, विद्यार्थ्यांनाही खुलं. नवी टेबलं, उबदार गालिचा, प्रत्येकाला सामान ठेवायला छोटं कपाट. कुणाची जागा कायमची नाही. टेबल आदल्या दिवशी संगणकावर धरून ठेवायचं. बाबांना ते जमणार नव्हतं, म्हणून ते मीच करायचे. आणि अर्थातच, प्रत्येक टेबलावर एक दिवा आणि टेबलाखाली एक पांढरी डबी. पहिल्या दिवशी मी बाबांना तिथे सोडायला गेले. बाबांनी टेबलावरून हात फिरवला, "चांगलं आहे," म्हणाले, आणि मला जायला सांगितलं. शाळेच्या पहिल्या दिवशी पोराला सोडून निघताना होतं, तसं मला झालं.

दुसऱ्या दिवसापासून मला एक सवय लागली. कामाला बसलं की आधी दालनाचं पान उघडायचं आणि बाबांसाठी धरलेलं टेबल शोधायचं. शून्य. म्हणजे बाबा बसलेत. बोटं प्रतींवर, नजर खाली, जग गेलं उडत. बाकीच्या टेबलांसमोरचे आकडे दिवसभर वरखाली होत राहायचे, बाबांचं शून्य ढिम्म. ते बघून मला इतकं बरं वाटायचं की काय सांगू. दिवसभरात कधी वैताग आला की मी ते पान उघडायचे, शून्य बघायचे आणि पुन्हा कामाला लागायचे.

एकदा आलेखरावाने ते पान माझ्यामागे उभं राहून बघितलं. "हे टेबल कोणी वापरत नाही वाटतं. दुसऱ्याला देऊ या?"

"बिलकूल नाही," मी म्हणाले. "ते बसलेले आहेत."

त्याला आठवलं आणि तो हसला. मीही हसले. इतक्या दिवसांत आम्ही दोघं पहिल्यांदा मिळून हसलो.

घरी मी विचारायचे, "कसं आहे हो तिथे?" बाबा म्हणायचे, "उबदार आहे. बसायला जागा आहे. कोणी त्रास देत नाही." मग जेवून झोपायचे. मी नवऱ्याला म्हणाले, "बघ, उगाच घाबरलो आपण." नवरा म्हणाला, "मी म्हटलंच होतं." तो काहीही म्हटला नव्हता, पण मी सोडून दिलं.

हे असंच चाललं असतं. पण एक दिवस उपाहारगृहाच्या रांगेत ग्रंथालयाच्या बाई माझ्यापुढे होत्या. त्या मागे वळून म्हणाल्या, "तुमच्या सासऱ्यांना आता बरंय ना?"

"का? काय झालं त्यांना?"

"नाही, पहिल्या दिवसानंतर दिसले नाहीत ना परत. कपाटही तसंच आहे. मी म्हटलं, थंडी बाधली असेल."

माझ्या हातातलं ताट मी कुठे ठेवलं ते मला आठवत नाही. बाबा रोज सकाळी आमच्याबरोबर घरातून निघत होते. रोज संध्याकाळी वेळेवर घरी येत होते. मधला सगळा वेळ मी त्या शून्याकडे बघून खूश होत होते. ज्या शून्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही, ते आता खरं सांगत होतं, आणि मी त्याला खोटं समजून निवांत होते. मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

बाबा फोन जवळ ठेवत नाहीत. मी आधी जुन्या इमारतीत गेले. वरच्या मजल्याचं दार कुलूपबंद, जिन्यात चिटपाखरू नाही. बसथांब्यावर बघितलं, बागेतल्या बाकांवर बघितलं. अशा गारठ्यात बागेत कोण बसणार, हे कळत असूनही बघितलं. शेवटी फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं.

"सर ना? पिशवीवाले? रोज जातात की," तो म्हणाला आणि त्याने हात केला. "त्या बाजूला. दवाखान्यात."

दवाखाना म्हणजे आमच्या वैद्यक शाखेचं रुग्णालय. रोज जातात म्हणजे काहीतरी मोठं आहे. काहीतरी आहे आणि घरी कोणाला सांगितलेलं नाही, कारण सांगायचं तर आधी आमच्यापैकी कोणीतरी निवांत बसलेलं सापडायला हवं. मी जवळजवळ पळतच गेले. रस्ताभर मी बाबांवर चिडले होते, नवऱ्यावर चिडले होते, कुलगुरूंवर, आलेखरावावर आणि सगळ्यात जास्त त्या पांढऱ्या डब्यांवर.

रुग्णालयात शिरताच उबेचा झोत अंगावर आला. इथे संकल्प लागू नाही. आजारी माणसांच्या इमारतीत काटकसर कशी करणार, म्हणून ही इमारत आम्ही हिशेबातून वगळली आहे. इथे डब्या नाहीत, शून्यं नाहीत, आणि आलेखरावाला इथली रेघ बघायची परवानगीसुद्धा नाही.

बाह्यरुग्ण विभागाच्या मोठ्या दालनात खुर्च्यांच्या रांगा होत्या. लोक आपापले नंबर घेऊन बसले होते. खिडकीजवळच्या रांगेत, शेवटच्या खुर्चीत, बाबा बसले होते. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर दोन प्रती, त्यांवर दोन बोटं. कोट काढून खुर्चीच्या पाठीला नीट लावलेला. पाठ सरळ.

मी समोर जाऊन उभी राहिले तरी त्यांना कळलं नाही.

"बाबा."

बाबा दचकले. "तू? तू इथे कशी?"

"ते मी विचारायचं की तुम्ही? काय होतंय तुम्हाला? कधीपासून? खरं सांगा."

"मला?" बाबांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "मला काही नाही गं. धडधाकट आहे. बस, बस आधी. किती धाप लागलीये तुला."

मी बसले. माझा विश्वास बसत नव्हता, पण बाबांचा चेहरा खरंच चांगला होता. घरी असतो त्याहून चांगला.

"मग दालनात का बसत नाही?"

"बसलो की पहिल्या दिवशी. दिवा सारखा विझायचा. शेजारची एक पोर घाबरली. मला हलवून विचारते, आजोबा, ठीक आहात ना? मग दुसरी आली. मग तिसऱ्याने माझी नाडी बघितली." बाबा थोडं हसले. "चांगली मुलं आहेत. पण दिवसभर आपण जिवंत आहोत असं किती जणांना सांगायचं? इथे न हलता बसलेल्या माणसाकडे कोणी वळून बघत नाही. सगळेच तसे बसलेले असतात."

"मग मला सांगायचं ना."

"काय सांगायचं? सांगितलं असतं तर तू तुझ्या कक्षातल्या त्या आलेखवाल्या मुलाशी भांडली असतीस, नाहीतर मला घरी बसवलं असतंस. घरी बसलो तर मी संपेन गं." हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. "आणि तूच जेवताना म्हणाली होतीस, दवाखाना हिशेबाबाहेर आहे. इथली ऊब तशीही जळतेच आहे. माझ्यासाठी जास्तीचं काही जळत नाही. मी विचार केला त्याचा."

ते खरंच होतं. बाबांनी विचार केल्याशिवाय खुर्चीसुद्धा निवडली नसती.

इतक्यात काउंटरवरची नर्स पाण्याचा पेला घेऊन आली. "आजोबा, सकाळपासून पाणी नाही प्यायलात," म्हणाली आणि मग तिने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "अय्या, याच का तुमच्या सूनबाई? झाली का आजची तपासणी? अहो, रोज थांबतात तुमच्यासाठी. सकाळी येतात ते तुमचं होईपर्यंत हलत नाहीत इथून. आम्ही आपसांत बोलतो, असा सासरा मिळायला नशीब लागतं. कशी आहे आता तब्येत?"

मी बाबांकडे बघितलं. बाबांचे कान लाल झाले होते. बोट ओळीवरून घसरलं होतं आणि ते उगाच कागद सारखे करत होते. या माणसाने खोली गेली तरी चालेल म्हणत डबीला हात दाखवला नव्हता. आणि एका खुर्चीसाठी तो रोज सकाळी या काउंटरवर माझ्या नावाने खोटं बोलत होता. मला इतकं भरून आलं की क्षणभर नर्स दिसेनाशी झाली. माझा अवतार बघून तिला काही शंका यायचं कारणच नव्हतं.

"बरी आहे," मी म्हणाले. "पण वेळ लागेल म्हणतात. थंडी संपेपर्यंत तरी रोज यावं लागेल."

"व्हाल हो बऱ्या." तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बसा थोडा वेळ. लगेच उठू नका."

ती काउंटरवर परत गेली. बाबा कागदांत डोकं घालून बसले होते, पण वाचत नव्हते. मी त्यांच्याकडे जरा वाकले आणि हळू आवाजात विचारलं, "बाबा, मला नक्की काय झालंय?"

"थकवा," बाबा म्हणाले. "फार थकते, आणि कारण सापडत नाही, असं सांगितलंय." मग माझ्याकडे न बघताच पुढे म्हणाले, "सगळंच खोटं सांगायला जीभ रेटेना."